ऋणचिन्हाचा अग्रक्रम : एक चिकित्सा

संगणकभाषांतील क्रियाचिन्हांच्या अग्रक्रमाची चर्चा बहुधा ‘कोणता नियम बरोबर’ या प्रश्नापाशीच घोटाळत राहते. −२^२ या राशीचे मूल्य आर भाषेत −४ येते. घाताचे चिन्ह निराळे असले तरी फॉरट्रान आणि पायथन यांतही तेच. एक्सेलमध्ये मात्र ४ येते. पहिल्या पक्षात घात आधी, दुसऱ्यात ऋणत्व आधी. पहिला नियम गणितातील रूढ लेखनाशी जुळतो, म्हणून त्यास निर्दोष मानण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी ग्राह्य नव्हे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत खतमात्रांचे प्रयोग हा नित्याचा विषय होय. समान अंतराच्या तीन मात्रांस −१, ० आणि १ असे संकेतांक दिले असता वर्गघटकाचे गुणांक ३क्ष^२ − २ या सूत्राने १, −२, १ असे मिळतात व त्यांची बेरीज शून्य होते. आर भाषेत क्ष या चलात −१ साठवून सूत्र चालविल्यास हेच घडते. परंतु चलाच्या जागी −१ असे थेट लिहिले, की पहिला गुणांक −५ येतो, बेरीज −६ होते, आणि यंत्र अवाक्षरही काढीत नाही. कंस घालावा, हे उत्तर योग्यच. पण कंसाची गरज का पडावी? कारण विद्यार्थी −१ ही संख्या समजतो, भाषा मात्र ती १ वर केलेली क्रिया समजते.

एक्सेलमध्ये हा सापळा नाही, दुसरा आहे. तेथे क्ष = २ असता −क्ष^२ हे ४ होते, आणि घंटाकृती वक्र काढू पाहणाऱ्याचा आलेख दोन्ही टोकांस आकाशाला भिडतो. ०−क्ष^२ लिहिले, की पुन्हा −४!

दोष अग्रक्रमाचा नसून चिन्हाचा आहे. संख्येची खूण, ऋणीकरण आणि वजाबाकी ही तीन कामे एकाच रेघेवर लादली आहेत. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त ऋण राशीच्या माथ्यावर बिंदू देत, ऋणत्व राशीच्या अंगीच असे, आणि वजाबाकी म्हणजे चिन्ह पालटून केलेली बेरीज. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल भाषेनेही ऋण संख्येस उंचावरची निराळी रेघ दिली. ती भाषा वाचावयास क्लिष्ट खरी, परंतु या मुद्द्यावर तिचा विचार अधिक शुद्ध आहे. जावास्क्रिप्टने २०१६ साली घातचिन्ह स्वीकारताना कंसावाचून −२ चा घात लिहिणेच निषिद्ध ठरविले. हा उलगडा नव्हे; पण −६ ही बेरीज निमूटपणे पुढे जाऊ देण्यापेक्षा तो नकार श्रेयस्कर होय.