एका घटनेची दोन निवेदने

पुलित्झर पारितोषिकाचे नाव आपल्याकडील साहित्यप्रेमी वाचकाला अपरिचित नाही. कादंबरी, काव्य, नाटक, चरित्र आणि वृत्तपत्रीय लेखन यांचा गौरव करणारा हा अमेरिकन सन्मान. २०२१ साली त्याच्या मंडळाने डार्नेला फ्रेझिअर या तरुणीला विशेष सन्मान जाहीर केला. तिने कादंबरी लिहिली नव्हती की वार्तापत्रही लिहिले नव्हते. २५ मे २०२० च्या संध्याकाळी, वयाच्या सतराव्या वर्षी, मिनिआपोलिस शहरातील एका चौकात उभी राहून तिने आपल्या मोबाईलवर सुमारे दहा मिनिटांचे चित्रण केले होते. डेरेक शॉव्हिन नावाचा पोलीस अधिकारी जॉर्ज फ्लॉइड या बेड्या घातलेल्या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा रोवून बसला आहे, आणि तो माणूस मरतो आहे, एवढेच त्या चित्रणात आहे.

साहित्याच्या अंकात या चित्रणाचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या एका घटनेची दोन निवेदने आपल्यापुढे आहेत, आणि निवेदन हा तर समीक्षेचा जुनाच विषय आहे.

पहिले निवेदन पोलिसांचे. त्याच रात्री खात्याने एक पत्रक काढले. त्याचा आशय असा : बनावट व्यवहाराची तक्रार आली म्हणून अधिकारी गेले, संशयिताला मोटारीतून उतरण्यास सांगण्यात आले, उतरल्यावर त्याने प्रतिकार केला, त्याला बेड्या घालण्यात आल्या, त्याची प्रकृती बिघडलेली दिसली म्हणून रुग्णवाहिका बोलावण्यात आली, रुग्णालयात थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. कोणीही शस्त्र वापरले नाही, असेही त्यात आवर्जून सांगितले होते.

या गद्याची ओळख आपल्याला पटायला वेळ लागू नये. 'करण्यात आले', 'आढळून आले', 'निष्पन्न झाले' ही आपल्याकडील पंचनाम्याची भाषा त्याच कुळातली आहे. तिच्यात क्रिया घडत राहते, पण कर्ता हळूच पडद्याआड जातो. या पत्रकातील बरीचशी वाक्ये सुटी काढून तपासली, तर त्यांना सरळसरळ खोटे म्हणणे कठीण जाईल. प्रकृती बिघडली हे खरे, रुग्णवाहिका आली हेही खरे, आणि गुडघ्याला शस्त्र म्हणत नाहीत हेही खरेच. तथापि सगळी वाक्ये ओळीने मांडली की जे तयार होते ते असत्य आहे. कारण नऊ मिनिटांहून अधिक काळ मानेवर असलेला तो गुडघा त्यात कुठेच नाही. गाळणे हीदेखील एक रचनाच असते, हे कथाकाराला ठाऊक असते. खात्यालाही ते ठाऊक असावे असे दिसते.

दुसरे निवेदन त्या मुलीचे. नात्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाली होती. समोर जे दिसले ते पाहून ती थांबली, आणि थांबूनच राहिली. या चित्रणाचे सारे सामर्थ्य मला या थांबण्यात दिसते. तिने चित्रण कापले नाही, की त्यावर भाष्यही चढवले नाही. वेळ जशी गेली तशीच ती आपल्यापुढे ठेवली. घटका भरत जाण्याची जी जाणीव नाटककार मोठ्या कष्टाने निर्माण करतो, ती येथे केवळ नजर न हटवल्यामुळे निर्माण झाली आहे. फूटपाथवरची माणसे आर्जव करतात, संतापतात. त्यांच्यात कामावर नसलेली अग्निशामक दलाची एक कर्मचारी आहे. नाडी पाहा, नाडी पाहा, असे ती पुनःपुन्हा सांगते. ग्रीक शोकांतिकेतील वृंदाप्रमाणे या माणसांना सगळे कळते, आणि काहीही करता येत नाही.

परंतु गुण सांगताना मर्यादा झाकणे ही समीक्षा नव्हे. हे चित्रण घटनेच्या मध्यावर सुरू होते. आरंभ त्यात नाही. मोटारीच्या पलीकडून दुसऱ्याने केलेल्या चित्रणात फ्लॉइडच्या अंगावर तीन अधिकारी दिसतात. फ्रेझिअरच्या चौकटीत त्यांतील दोघे मोटारीआड राहतात. चौकट आली की तिच्याबाहेरचे काहीतरी राहणारच. म्हणून एका निवेदकावर न थांबता अनेक निवेदक असावेत, आणि त्या सर्वांना तेथे उभे राहण्याचा हक्क असावा, हेच यावरचे उत्तर आहे.

शिवाय चित्र स्वतः बोलत नाही. त्याला वाचावे लागते. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंगला पोलीस मारत असताना एका नागरिकाने आपल्या सज्जातून त्याचे चित्रण केले. खटल्यात बचावपक्षाने ते चित्रण अत्यंत संथ गतीने, एकेक तुकडा करून दाखवले. प्रत्येक फटक्याला त्याचे वेगळे कारण देता आले. १९९२ च्या एप्रिलमध्ये निकाल आला तेव्हा चौघांपैकी एकालाही ज्यूरीने दोषी ठरवले नाही, आणि शहर पेटले. त्यांतील दोघांना पुढे १९९३ साली दुसऱ्या, संघीय खटल्यात शिक्षा झाली. एखादी कविता शब्दशब्द सुटा करून वाचली तर तिचा प्राण जातो. तसाच त्या चित्रणाचा काळ मोडला गेला. शॉव्हिनच्या खटल्यात सरकारपक्षाने याच्या उलट केले : काळ अखंड ठेवला, आणि ज्यूरीला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यास सांगितले. २० एप्रिल २०२१ रोजी तो दोषी ठरला. पुढे साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

असे चित्रण करण्याचा हक्क आपोआप मिळालेला नाही. २००७ साली बॉस्टनच्या सार्वजनिक उद्यानात पोलिसांकडून होणारी एक अटक मोबाईलवर टिपणाऱ्या वकिलालाच पकडण्यात आले, आणि त्याच्यावर चोरून संभाषण ऐकण्याच्या कायद्याखाली आरोप ठेवला गेला. २०११ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक जागी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचे चित्रण करणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. कामात अडथळा आणू नये, ही मर्यादा मात्र राहते.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी आलेला आहे. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यातील बोलणे मोबाईलवर टिपले म्हणून एका नागरिकावर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील 'निषिद्ध स्थान' नव्हे, असे सांगून तो रद्द केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणजे पंचनाम्याच्या शेजारी आता कॅमेराही आला. ही सुधारणा मी मोलाची मानतो. तरीही तो कॅमेरा कोणाच्या हाती आहे हा प्रश्न उरतोच. मिनिआपोलिसच्या त्या अधिकाऱ्यांच्या अंगावरही कॅमेरे चालू होते, आणि तरीसुद्धा ते पत्रक निघाले.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहते. शॉव्हिनला आपले चित्रण होत आहे हे दिसत होते. तो उठला नाही. चित्रणाने मरण टळले नाही. हा हक्क पाहण्याचा आहे, कथेत शिरून तिचा शेवट बदलण्याचा नाही. आपण आणखी काही का केले नाही, या विचाराने कित्येक रात्री जागून आपण फ्लॉइडची क्षमा मागत राहिलो, अशी साक्ष त्या मुलीने न्यायालयात दिली. निवेदकाला द्यावी लागणारी ही किंमत कोणत्याही सन्मानपत्राने फिटणारी नाही.

सणाच्या दिवसांत, घरातील लहानथोर एकत्र बसलेले असताना, हे चित्रण पाहाच असा आग्रह मी कोणालाही करणार नाही. ते पाहणे सोपे नाही, आणि करमणूक म्हणून तर ते पाहूच नये. परंतु ज्यांनी वर्तमानपत्रात 'थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला' अशा वाक्याशी येऊन पान उलटले असेल, त्यांनी पुढच्या वेळी त्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे, आणि त्यातला कर्ता कोठे गेला ते विचारावे. एवढी सवय आपल्या घरातल्या मुलांना लागली, तर वाचनाने आणखी काय शिकवावे, असे मला वाटते.