आवाजाला रंग कोण देतो?

भोवतालचा आवाज टिपून त्याचे क्षणोक्षणी पालटणारे रंगचित्र पडद्यावर उमटवायचे, असा एक कलाप्रकार गेल्या पाव शतकात चांगलाच रुजला आहे. येथे कलावंताच्या हाती कुंचला नसतो. तो संगणकासाठी आज्ञा लिहितो. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेत २००१ साली ‘प्रोसेसिंग’ ही आज्ञाभाषा खास कलावंतांसाठी सुरू केली आणि सर्वांना विनामूल्य खुली ठेवली. ‘क्रिएटिव्ह कोडिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कलेकडे कौतुकाबरोबरच थोड्या चिकित्सक नजरेनेही पाहावे, असे आम्हांला वाटते.

मूळ कल्पना नवी नाही. तिच्या आरंभकर्त्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू आहेत. न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात वर्णपटाचे सात भाग संगीतातील स्वरांतरांच्या प्रमाणात पाडले होते. पुढे फ्रेंच गणितज्ञ फादर लुई बर्त्रां कास्तेल यांनी १७२५ साली चक्क डोळ्यांसाठी वाद्य योजले. पट्टी दाबताच स्वराबरोबर त्याला नेमून दिलेला रंगही दिसावा, असा त्यांचा मनोदय होता. पाश्चात्त्य सप्तकातील ‘दो’ला त्यांनी निळा, ‘मी’ला पिवळा आणि ‘सोल’ला तांबडा रंग बहाल केला.

अडचण आहे ती नेमकी येथेच. मानवी कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो, म्हणजे जवळजवळ दहा सप्तके. डोळ्यांना दिसणारा प्रकाश मात्र जेमतेम एका सप्तकात मावतो. दोन स्वर एकत्र वाजले तरी कान ते वेगवेगळे ओळखू शकतो. तांबडा आणि हिरवा प्रकाश एकत्र आला की डोळ्याला नुसता पिवळा दिसतो. तेव्हा स्वराचा रंग निसर्गाने ठरवून दिलेला नाही, तो कोणीतरी ठरवावा लागतो. आमच्या मते या कलेचा सारा कस त्या ठरवण्यातच लागतो.

संगणक मायक्रोफोनमधून येणाऱ्या आवाजाचे मोजमाप सेकंदाला बहुधा ४४,१०० वेळा घेतो. त्यातील १,०२४ मोजमापांचा, म्हणजे सेकंदाच्या सुमारे त्रेचाळिसाव्या भागाचा, एकेक तुकडा घेऊन गणिताच्या साहाय्याने खालच्या आणि वरच्या पट्टीतील कंपने निरनिराळी केली जातात. येथवर केवळ मोजणी आहे. कोणत्या आकड्याला कोणता रंग, ही त्यापुढची ओळ कलावंताची.

ती ओळ बरेचदा एकाच रीतीने लिहिली जाते. आवाज जितका मोठा तितका रंग उजळ, शांततेला काळोख. चित्र नेत्रदीपक होते, यात संशय नाही. पण त्यात दिसते काय? ट्रकचा भोंगा सारा पडदा व्यापतो. चिमणीची चिवचिव, झावळ्यांची सळसळ, आतल्या खोलीत आजी पुटपुटत असलेली रोझरी यांना ठिपक्याएवढीही जागा उरत नाही. जो ओरडतो त्याचेच चित्र निघते. होरेब डोंगरावर एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही. त्यांच्यामागून आलेल्या मंद वाणीत भेटला. असा पडदा त्या डोंगरावर असता, तर वादळात तो झळाळून निघाला असता आणि नेमक्या घटकेला काळा पडला असता.

याच्या उलट उदाहरण ओलिव्हिए मेसियां यांचे. १९३१ पासून १९९२ साली निधन होईपर्यंत ते पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते. स्वरमेळ ऐकताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे रंग उभे राहत. रानावनांत जाऊन ते पक्ष्यांचे बोल स्वरलिपीत उतरवून घेत. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील स्वर्गीय नगरीवर त्यांनी १९६३ साली रचना केली, तेव्हा रंगांची नावे स्वरलिपीतच लिहून ठेवली. हे रंग आवाजाच्या मोठेपणाला भुललेले नाहीत. स्वर एकमेकांशी कसे जुळले आहेत, यातून ते उमलतात. आधी श्रवण, मग रंग, हा त्यांचा क्रम.

संगणकालाही असे ऐकायला शिकवता येते. प्रत्येक पट्टीतील कंपनांची नेहमीची पातळी त्याने लक्षात ठेवावी आणि तिच्याहून जो वेगळेपणा जाणवेल त्यालाच रंग द्यावा. मग अखंड चालणारी घरघर आपोआप फिकी पडते आणि तिच्यातून उठलेली एखादी शीळ ठळक होते. फरक चार-दोन ओळींचाच. पण त्या सुचण्यासाठी आधी खिडकीपाशी बसून कान द्यावा लागतो.

आपल्या घरांतील मुले संगणक शिकत आहेत. त्यांपैकी कोणी असे चित्र कौतुकाने दाखवायला आणले, तर शाबासकी जरूर द्यावी, आणि एवढेच विचारावे : बाळा, यात कोणत्या आवाजाला जागा मिळाली नाही?