चौतीस की एकतीस?

लास व्हेगासमध्ये परवाना असलेले स्ट्रिप क्लब किती? लेखक म्हणतो, चौतीस. तपासणारा म्हणतो, तुम्ही दिलेल्या आधारात तर एकतीस आहेत. त्यावर लेखकाचं उत्तर असं, की वाक्याच्या लयीत चौतीस जास्त चांगलं बसतं.

'द लाइफस्पॅन ऑफ अ फॅक्ट' (२०१२) हे पुस्तक म्हणजे अशा भांडणांची मालिका आहे. जॉन डगाटा या अमेरिकन निबंधकारानं २००२ साली लास व्हेगासमध्ये आत्महत्या केलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलावर लेख लिहिला. ज्या मासिकानं तो मागवला होता, त्यानंच तथ्यांच्या चुकांमुळे नाकारला. मग 'द बिलिव्हर'नं तो घेतला आणि जिम फिंगल या नवख्या पोराला तपासायला दिला. लेख २०१० मध्ये छापून आला. दोन वर्षांनी त्या तपासणीचं पुस्तक झालं. पानाच्या मधोमध मूळ लेख आणि चारही बाजूंनी दोघांची वादावादी, लाल आणि काळ्या शाईत. २०१८ मध्ये त्यावर ब्रॉडवेचं नाटकही आलं आणि फिंगल झाला चक्क डॅनियल रॅडक्लिफ.

सुरुवातीला हसू येतं. कुत्र्यांना न्हाऊ घालणाऱ्या गाड्या खऱ्या तर गुलाबी, पण डगाटानं त्या जांभळ्या केल्या, कारण 'पिंक'चा एकच ठोका पडतो आणि त्याला दोन हवे होते. एका बारचं नाव बदललं, कारण दुसऱ्या बारचं नाव जास्त रंगतदार होतं. फिंगल इतक्या बारीक गोष्टींवर अडून बसतो की आपल्यालाच वाटायला लागतं, सोड ना बाबा! पुस्तकाची रचनाच अशी आहे की तपासणारा किरकिरा दिसतो आणि लेखक कलावंत.

आणि मग एक नोंद येते. त्याच दिवशी त्या शहरात आणखी एका व्यक्तीनं, त्याच प्रकारे, जीव दिला होता. डगाटानं त्या दुसऱ्या मृत्यूचा प्रकार बदलून टाकला, कारण त्याला या मुलाचा मृत्यू त्या दिवशी एकमेव ठरायला हवा होता. गाडीच्या रंगाला लावलेलाच नियम इथे माणसाच्या मरणाला लावलाय. माझ्या मते पुस्तकाचा खरा कस या जागी लागतो, आणि नेमकं इथे ते रेंगाळत नाही.

डगाटाचा बचाव ठरलेला आहे: मी पत्रकार नाही, निबंधकार आहे. आपल्याकडेही 'हे ललित आहे' म्हटलं की प्रश्न संपतो. पण त्याचा लेख आकड्यांनी, ठिकाणांनी, तारखांनी भरलेला आहे. का? कारण 'हे घडलंय' असं वाटलं की वाचक वेगळ्या गांभीर्यानं वाचतो. तो विश्वास लेखक वाचकाकडून उधार घेतो आणि परतफेडीची वेळ आली की म्हणतो, मी तर कलावंत! लेखाच्या सुरुवातीला 'काही तपशील मुद्दाम बदलले आहेत' एवढी एक ओळ टाकली असती तर वाद मिटला असता. पण मग लेखाचं वजनही कमी झालं असतं. ते वजन कुठून येत होतं, हे यावरूनच कळतं.

पुस्तकाचा दुसरा दोष मोठा आहे. बाहेर आल्यावर कळलं, की आतला पत्रव्यवहार जसाच्या तसा नाही. दोघांनी तो नंतर रचला, फुलवला, जास्त भांडखोर केला. हे वाचकाला पुस्तकात स्पष्ट सांगितलेलं नव्हतं. म्हणजे तथ्यांची बाजू मांडणारा फिंगलसुद्धा डगाटाच्याच पद्धतीनं सादर झाला. काहींना ही चलाखी आवडते. मला नाही आवडत, कारण ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तोच प्रश्न ती पुसून टाकते.

तिसरी गोष्ट, संपादक. तो या पुस्तकात जवळजवळ दिसतच नाही. प्रत्यक्षात असे वाद दोन हुशार माणसांच्या शाब्दिक कुस्तीनं सुटत नाहीत. कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारीही. भारतीय प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात, की चूक कळली की ताबडतोब आणि ठळकपणे दुरुस्ती छापा. 'द हिंदू'नं २००६ मध्ये वाचक-संपादक नेमला, तोही याचसाठी: तक्रार ऐकणारा माणूस बातमी लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. आता तर बातमीचा मजकूर गुपचूप बदलता येतो. तुम्ही सकाळी फॉरवर्ड केलेली लिंक संध्याकाळी वेगळंच सांगत असते आणि खाली दुरुस्तीचा उल्लेखही नसतो. अशा वेळी 'काय, कधी, का बदललं' हे लिहून ठेवणं हीच किमान सभ्यता आहे.

पण दुरुस्ती मागायला कुणीतरी हयात लागतं आणि त्याला आवाज लागतो. मंत्री नोटीस पाठवू शकतो, कंपनी वकील लावू शकते. त्या दिवशी गेलेल्या दुसऱ्या व्यक्तीच्या वतीनं अमेरिकेतल्या एका साहित्यिक मासिकाला पत्र लिहायला कोण येणार होतं? तिच्या वतीनं हटकलं ते फक्त त्या किरकिऱ्या पोरानं. हे पुस्तक जरूर वाचा. फक्त फिंगल कंटाळवाणा वाटायला लागला की पान भरकन उलटू नका.