वजनदार काच, विझणाऱ्या भट्ट्या

काचेच्या कलेचा विषय निघाला की युरोपात पहिला मान व्हेनिसला मिळतो आणि ब्रिटिश काच जड, ठोकळेबाज म्हणून मागे पडते. ही तुलनाच मला अन्यायाची वाटते. व्हेनिसचे कसब फुंकरीत आहे. ब्रिटिश काचेचे सौंदर्य तिच्या वजनात आणि तिच्यातून फाकणाऱ्या प्रकाशात आहे.

त्याचे मूळ शिशात सापडते. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या लंडनच्या व्यापाऱ्याने १६७४ मध्ये नव्या स्फटिकासारख्या काचेचे पेटंट घेतले. पहिल्या भांड्यांवर काही काळाने बारीक तड्यांचे जाळे पसरे. पुढे मिश्रणात शिशाचे प्रमाण वाढले आणि काच टिकाऊ, जड, विलक्षण तेजस्वी झाली. ती फार पातळ फुंकता येत नाही, पण चाकावर धरून पैलू पाडायला तिच्यासारखी दुसरी नाही. या काचेवर १७४५ मध्ये वजनानुसार कर बसला आणि तो पुरी शंभर वर्षे टिकला. त्या ओझ्याला कंटाळून इंग्लंडमधल्या स्टूरब्रिजचे काही कारागीर आयर्लंडला गेले. वॉटरफोर्डच्या कारखान्याचे नाव त्यांच्याच हातांनी झाले.

कर उठल्यावर दबलेली हौस उसळून वर आली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने २७ फूट उंच, सुमारे चार टनांचे काचेचे कारंजे उभारले. याच ऑस्लरचे कोलकात्यातही दुकान होते आणि तिथून झुंबरे भारतातल्या राजवाड्यांत पोचली. दोनच वर्षांनी कलासमीक्षक जॉन रस्किनने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मध्ये पैलूदार काच रानटी ठरवली. त्याचा राग मला समजतो. पैलूंची खोली आणि संख्या हीच श्रीमंतीची खूण झाली होती, आकाराचा विचार मागे पडला होता. पण दोष त्या हव्यासाचा होता. रस्किनने तो पैलू पाडण्याच्या कलेवरच ढकलला आणि पुढच्या कित्येक रसिकांची नजर कायमची गढूळ केली.

कोरण्याची कला किती उंच जाऊ शकते, हे जॉन नॉर्थवुडने दाखवले. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर आणि त्या थरातून उठावात कोरलेल्या आकृती, असा रोमन काळातला पोर्टलँड कलश ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नॉर्थवुडने तीनेक वर्षे हाताने कोरून १८७६ मध्ये काचेतच त्याची प्रतिकृती पुरी केली. आकृतींच्या कडांशी पांढरा थर इतका विरळ होतो की खालचा निळा रंग सावलीचे काम करतो. माझ्या मते ब्रिटिश काचेचा सर्वोच्च क्षण हाच.

विसाव्या शतकात माझे मन जेफ्री बॅक्स्टरपाशी थांबते. व्हाइटफ्रायर्स या जुन्या कारखान्यासाठी त्याने १९६७ मध्ये झाडाची साल, विटा, खिळे यांचे ठसे साच्यात घेऊन खडबडीत फुलपात्रे घडवली. चकचकीत पैलूंची सवय मोडून काचेचे जडत्व त्याने पुन्हा निर्भयपणे समोर ठेवले. संग्राहक आज त्यांना मोठी किंमत देतात. कारखाना मात्र १९८० मध्येच बंद पडला.

आजच्या स्थितीचे सार या विसंगतीत आहे. स्टूरब्रिज परिसरातल्या वर्डस्ली येथे २०२२ मध्ये काचेचे नवे संग्रहालय उघडले, ते चांगलेच झाले. पण त्याच गावातली स्टुअर्ट क्रिस्टलची भट्टी २००१ मध्ये विझली होती. काचकलावंत सॅम हर्मनने साठच्या दशकाअखेर रुजवलेली स्टुडिओ काच अजून जिवंत आहे. लहान भट्टीवर कलावंत स्वतःच काच वितळवतो, स्वतःच घडवतो. मात्र भट्टी तापती ठेवण्याचा खर्च त्याला पेलवेनासा झाला आहे. सपाट काच तोंडाने फुंकून बनवण्याचा हुन्नर तर २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या लुप्त कलांच्या यादीत गेला.

जुन्या वस्तूंच्या लिलावात बोली लावणाऱ्यांनी आता एखादी वस्तू हयात कारागिराकडूनही विकत घ्यावी. संग्रहालय कलश सांभाळेल. तो घडवणारा हात केवळ मागणीवर जगतो.