बुकाननच्या वाटेने वाचताना

श्रीरंगपट्टण ४ मे १७९९ रोजी पडले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने कंपनीच्या सेवेतील एका स्कॉटिश वैद्यास, फ्रान्सिस बुकानन यास, जिंकलेला मुलूख पाहून येण्याची आज्ञा केली. एप्रिल १८०० मध्ये मद्रास सोडून तो म्हैसूर, मलबार व कॅनरा हिंडला आणि जुलै १८०१ मध्ये परतला. त्याची रोजनिशी १८०७ साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. दक्षिणेचा आर्थिक इतिहास लिहिणारा अभ्यासक या ग्रंथाकडे आल्यावाचून राहत नाही; परंतु बहुधा तो सूचीच्या दाराने येतो आणि हवा तो आकडा उचलून निघून जातो. आम्ही बंगळूर ते श्रीरंगपट्टण आणि मंगळूर ते कारवार हे दोन टप्पे ग्रंथ सोबत घेऊन हिंडलो. हा ग्रंथ मुक्कामाच्या क्रमानेच वाचावा, असे आमचे मत झाले.

मांडणी विस्कळीत आहे, अशी तक्रार खुद्द लेखकाचीच आहे. तो इंग्लंडात पोचण्यापूर्वी छपाई सुरू झाली, त्यामुळे विषयवार संक्षेप करण्याचा त्याचा बेत राहून गेला. आम्हांस हे वाचकांचे भाग्य वाटते. विषयवार प्रकरणे झाली असती तर कोणती गोष्ट कोठे, कोणाच्या तोंडून, युद्धानंतर किती महिन्यांनी कळली, हे सारे पुसले गेले असते.

वरिष्ठांनी त्याला शेती, कापूस, मिरी, चंदन, खनिजे यांची माहिती काढावयास सांगितले होते. व्यापाऱ्याचेच प्रश्न ते. पण खळ्यावर उभा राहिल्यावर बुकानन या प्रश्नांच्या पलीकडे जातो. सरकार व शेतकरी यांच्यात रास वाटली जाण्यापूर्वी तीतून देवाचा, ब्राह्मणाचा, गौडाचा, शानभोगाचा, राखणदाराचा, लोहाराचा, परटाचा, न्हाव्याचा असे वाटे निघतात. ते तो मापानिशी टिपतो. गौड म्हणजे आपला पाटील, शानभोग म्हणजे कुलकर्णी. मराठी वाचकास येथे बलुत्याची ओळख पटेल. मापे गावोगाव बदलतात, हेही तो कंटाळा न करता लिहितो. वाचणारा मात्र कधी कधी कंटाळतो, हे मान्य केले पाहिजे.

चन्नपट्टणास त्याने काचेच्या बांगड्या आणि तंतुवाद्यांच्या पोलादी तारा होताना पाहिल्या. आज त्या गावाची ख्याती लाखेच्या लाकडी खेळण्यांसाठी आहे. मंगळुरात कौलांचे नाव निघतेच. तो उद्योग बासल मिशनने १८६५ साली उभा केला, बुकाननच्या मंगळुरात तो नाही. ज्याला आपण एखाद्या गावाचा पिढीजात धंदा म्हणतो तो कधी कधी दोन-तीन पिढ्यांचाच असतो, हे अशा वेळी ध्यानात येते.

शिरे व चित्रदुर्गाच्या बाजूची पाने मराठी माणसाने अवश्य वाचावीत. तेथे उजाड गावांचे कारण विचारले की उत्तरात वारंवार परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज येते. १७९०-९२ च्या युद्धात ती कंपनीच्या बाजूने टिपूविरुद्ध लढत होती. आपल्या बखरींतील मोहिमेची दुसरी बाजू येथे शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे. अर्थात ऐकणारा कंपनीचा नोकर होता आणि टिपूला वाईट म्हणण्यात त्याला संकोच नव्हता. करवाढीच्या भीतीने शेतकरीही त्याच्यापासून बरेच लपवीत असावा. तरीही दोष एकट्या सुलतानावर न टाकता मराठ्यांची लूट त्याने नोंदवली, म्हणून या नोंदीवर आम्ही अधिक विश्वास ठेवतो.

आता मंगळूर. तेथील कोंकणी ख्रिस्ती लोकांचे पूर्वज गोव्याहून आलेले. टिपूने १७८४ साली त्यांना बंदी करून श्रीरंगपट्टणास नेले, ही हकिकत आपल्या घरांतून श्रद्धेने सांगितली जाते. बुकानन सांगतो तो भाग सहसा सांगितला जात नाही. हैदरच्या काळी त्यांच्याकडे पुष्कळ जमीन होती. टिपूने ती जप्त करून इतरांना दिली आणि आता ती परत मिळणे कठीण. पंधरा हजार लोक परतले आहेत, दहा हजार मलबारात निसटले होते ते दारिद्र्यातून जमेल तसे परतत आहेत, आणि मंदिरे पुन्हा बांधण्याइतका पैसा कोणाजवळ नाही. हे आकडे शिरगणतीचे नव्हेत, ऐकीव आहेत. परंतु छळाच्या कथेत जमिनीचा हिशेब घालणारा हा परिच्छेद एकट्यानेच ग्रंथाचे मोल राखतो. त्यांच्या उद्योगीपणाची कबुली ते स्वतः देत नाहीत, शेजारचे हिंदू देतात, असेही तो लिहितो. शेजाऱ्याला विचारण्याची ही रीत आमच्या धर्मग्रामांचे इतिहास लिहिणारांनी उचलावी.

या ग्रंथातील निवडक पाने कोणी मराठीत आणणार असेल तर त्याने वर्णने हवी तेवढी गाळावीत. रोजच्या तारखा आणि मुक्कामांची नावे मात्र गाळू नयेत.