रायतूरची इगर्ज आणि मराठी ओवी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'विषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात एक सूर वारंवार ऐकू येतो : परदेशी माणसाने आपल्या भाषेवर किती प्रेम केले! हे कौतुक खोटे नाही, पण अपुरे आहे. ते ग्रंथाला ज्या इगर्जीत तो घडला तिच्यापासून तोडते.

जुवारीकाठचा रायतूरचा किल्ला मूळचा आदिलशाहीतला. १५४३ मध्ये साष्टी पोर्तुगिजांकडे कायमची गेली आणि किल्ल्याच्या आश्रयाने तेथे जेझुइटांची इगर्ज उभी राहिली. १५६७ मध्ये याच किल्ल्याच्या कप्तानाने साष्टीतली देवळे पाडली, जाळली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह रायतूरच्या इगर्जीत पुरले. त्याच वर्षी स्टीफन्स यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात या हत्येची हकीगत आहे, आणि इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे निरीक्षणही. मला हे पत्र कळीचे वाटते. हिंसा आणि भाषेची ओढ एकाच कागदावर आहेत.

१६१६ मध्ये रायतूरच्या जेझुइट कॉलेजात पुराण रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती पाद्रीगुरूकडे गाऱ्हाणे घालतो : जुनी पुराणे आमच्याकडून काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी काय दिलेत? जवळजवळ अकरा हजार ओव्या हे या प्रश्नाचे उत्तर. ओवी निवडली गेली ती केवळ कवीच्या आवडीने नव्हे. समोर बसलेल्यांचा कान ओवीवर घडला होता. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणणारी ही शब्दकळाही त्या श्रोत्यांचीच. म्हणून या ग्रंथाचे अर्धे कर्तेपण मी रायतूर-मडगावच्या त्या निनावी श्रोत्यांना देतो.

पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला रोमन आवृत्ती निघाली, देवनागरीत छापील पुराण आले ते १९५६ मध्ये पुण्याला.

इगर्जीच्या इतिहासकारांनी दर्शनी भिंत आणि वेदी यांची वर्णने केली, आम्ही मराठीवाल्यांनी ओव्या मोजल्या. त्या ओव्या ऐकणाऱ्यांनी काय गमावले होते, हा प्रश्न दोघांनीही पुरेसा विचारला नाही. तो विचारल्याशिवाय 'ख्रिस्तपुराणा'तील गोडवा वाचणे म्हणजे त्यातले गाऱ्हाणे न ऐकणे होय.