दहा हजार वर्षे आणि अडीच दिवस

शास्त्रीय निबंधाचे परीक्षण दिवाळी अंकात कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या निबंधाने जगभर मथळे गाजविले, त्याचा शब्द पारखून घेणे हे टीकाकाराचे कामच आहे.

गूगलच्या शास्त्रज्ञांचा हा निबंध ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साध्या संगणकातील बिट शून्य तरी असतो, नाही तर एक. क्यूबिट मात्र या दोहोंच्या मिश्रणात राहू शकतो. आणि असे पुष्कळ क्यूबिट परस्परांत गुंतले, की त्यांचा हिशेब साध्या संगणकाला आवरत नाही. ‘सिकॅमोर’ या प्रोसेसरात असे ५३ क्यूबिट चालू होते. त्याने २०० सेकंदांत केलेल्या कामास महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील, हा दावा! त्याच महिन्यात आयबीएमच्या संशोधकांनी हरकत घेतली : डिस्कवरील साठवण नीट वापरली, तर अडीच दिवस पुरतील. शिवाय ते काम म्हणजे वाटेल तशा जुळविलेल्या क्रियांतून निघणाऱ्या आकड्यांचे नमुने घेणे. त्याने कुणाची चूल पेटणार नव्हती.

मग निबंध पोकळ म्हणावा काय? मुळीच नाही. सर्वांत मोठ्या प्रयोगात यंत्राची विश्वसनीयता ०.२ टक्क्यांच्या आसपास होती, हे त्यातच प्रांजळपणे नमूद आहे. खरे दुखणे तेथेच आहे. क्यूबिट फार हळवे; निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या थंडीत ठेवले तरी चुकतात.

म्हणून डिसेंबर २०२४ मधील १०५ क्यूबिटांच्या ‘विलो’चे मोल मला अधिक वाटते. अनेक क्यूबिट एकत्र बांधून त्यांतून एकच भरवशाचा क्यूबिट घडवावयाचा, ही त्यातील युक्ती. पंक्तीत वाढपी वाढले की गोंधळ वाढतो, हा आपला अनुभव. येथे ३×३ ची चौकट ५×५ झाली, मग ७×७ झाली, आणि दर पायरीला चूक निम्म्याहून थोडी खाली आली. पण याही घोषणेत एकावर पंचवीस शून्ये इतक्या वर्षांची तुलना होतीच, आणि गाजली तीच!

निसर्गाचे अनुकरण करावयाचे, तर यंत्रही निसर्गाच्याच क्वांटम नियमांनी चालावे, असे रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली सुचविले होते. कसोटी लावावयाची ती हीच. विलोच्या त्या प्रयोगात एक भरवशाचा क्यूबिट उभा राहिला, तोही माहिती जपून ठेवण्यापुरता. असे शेकडो क्यूबिट एकमेकांशी मिळून एखाद्या रेणूचा अचूक हिशेब मांडतील, त्या दिवशी वर्षांची शून्ये मोजून दाखविण्याची गरज कुणालाच उरणार नाही.